तीन वेळा चाळीस सेकंद

आमच्या गावाचं नाव तेहतीस.
खरंच. वेशीवरच्या पाटीवर तसंच लिहिलंय, स्पॅनिशमध्ये, अक्षरी.
मी इथे रेडिओ दुरुस्त करायचो. रेडिओ संपले,
आता लोक सांगतील ते.
जुलैतल्या गारठ्यात निबियाबाईंचा फोन:
"मशीन म्हातारं झालंय.
चालू केलं की मी येर्बाचं पाणी ठेवते,
पाणी तापतं, थर्मास भरतो,
तेव्हा कुठे पडद्यावर ते हिरवं कुरण उगवतं.
मेलंय का ते सांग, म्हणजे रडून मोकळी होते."

झाकण उघडलं.
पंख्यात कुत्र्याचे केस, इतके
की दुसरं कुत्रं विणता आलं असतं.
(कुत्रं जाऊन तीन वर्षं झाली, बाई म्हणाल्या,
लगेच टाकू नकोस.)
प्रोसेसरवरच्या पेस्टची खपली झालेली,
ती खरवडली, नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.
डिस्क कुरकुरते, पण शाबूत.
आपोआप जागे होणारे सतरा प्रोग्राम झोपवले;
त्यात एक होता अशा प्रिंटरचा मदतनीस
जो बाईंनी कधी घेतलाच नव्हता.
माझ्या खणातली जुनी पट्टी घालून मेमरी दुप्पट केली.
पुन्हा चालू.
पाणी तापलं. थर्मास भरला.
कुरण नाही.

दुरुस्तीत एक वेळ अशी येते
की हात आवरून नुसतं बघत बसावं लागतं.
डिस्कचा दिवा विझलेला. पंखा शांत.
काम झेपेना म्हणून रखडणारी मशीनं मी ओळखतो,
त्यांना घाम फुटलेला असतो.
हे कोरडं ठणठणीत,
ताटकळत उभं,
कुणाच्या तरी दाराशी.

नोंदी चाळल्या. सापडलं.
झेड नावाचा एक ड्राइव्ह, पलीकडच्या खोलीतला,
दुकानाच्या गल्ल्यावरच्या संगणकाचा.
रोज उठल्या उठल्या हे त्याला हाक मारायचं,
चाळीस सेकंद थांबायचं,
पुन्हा हाक, पुन्हा चाळीस,
मग तिसरी.
मग आपलं आपण दिवसाला लागायचं.

"पलीकडे कोण होतं?" मी उगाच विचारलं.
गावाला ठाऊक आहे.
खिळे, रंग, नळाचे वॉशर, बहीणभावाचं दुकान,
आणि मग एका बिलावरून
(कुणी म्हणतं, आईच्या शिलाई मशीनवरून)
हेबर आपला संगणक, तराजू
आणि मोजून अर्धे खिळे घेऊन मेलोला गेला.
आठ वर्षं झाली.

बाईंनी तोंडातली नळी काढली.
"रोज?"
रोज.
"मी तर याला सांगितलं नव्हतं."
कधीतरी कुणीतरी सांगितलेलं असतं, मी म्हणालो,
'दर वेळी जोडून घे' म्हणून एका चौकटीत खूण असते,
ती राहून गेली.
"त्यानंच केली असणार. मला कुठे येतंय."
आणि बऱ्याच वेळानं:
"त्याच्याकडे कळतं का? इकडून कुणी हाक मारली ते?"
नाही.
"बरं," म्हणाल्या.
ते बरं कुठल्या जातीचं होतं, मी विचारलं नाही,
मी तासाचे पैसे घेतो.

खूण काढली. चालू केलं.
किटलीनं अजून तोंडही उघडलं नव्हतं,
इकडे कुरण हजर.
बाई रिकामा थर्मास धरून स्वयंपाकघराच्या दारात,
बस वेळेआधी आलेल्या माणसासारख्या.
हिशेब, बातम्या, नातवाचे फोटो, सगळं समोर मांडलेलं
आणि आधी काय उघडायचं तेच सुचेना.

एक सांगायचं राहिलं.
मी पुसण्याआधी त्यांनी मला थांबवलं होतं,
वीजबिलाच्या पाठीवर, पासवर्डांच्या खाली,
पेन्सिलीनं तो अख्खा पत्ता उतरवून घेतला:
दोन तिरप्या रेघा, हेबर, पुन्हा एक रेघ.
"या अशाच ना? मागे कललेल्या?"
अशाच.

कुत्र्याचे केस माझ्या मोपेडच्या डिकीत राहिले, पिशवीत.
परत नेऊन द्यायला हवेत.